राहू दे, कामी येईल

वीज केंद्राच्या वसाहतीत, ऊर्जानगरात, क्वार्टर मिळालं की पहिल्याच आठवड्यात दोन कामं व्हायची. पुढच्या दारावर नावाची पाटी लागायची आणि मागची सांदवाडी भरायला सुरुवात व्हायची. पाटीचं काम दोन खिळ्यांत संपायचं. सांदवाडीचं निवृत्तीपर्यंत पुरायचं.

1983 साली चंद्रपूरच्या वीज केंद्राचा 210 मेगावॅटचा पहिला संच सुरू झाला. मग एकामागून एक संच वाढत गेले, पुढं पाचशे-पाचशेचेही आले, आणि तसतशी माणसं येत गेली. कोराडीहून बदलून आलेली, पारसहून, परळीहून, भुसावळहून. कोकणातले होते, मराठवाड्यातले होते, घरात तेलुगू बोलणारे होते, आणि आमच्यासारखे मूल-सिंदेवाहीकडचे, धानाच्या बांधीतून उठून थेट नोकरीत आलेले. महानिर्मिती हे नाव तेव्हा कुणी ऐकलेलं नव्हतं. सगळ्यांचे बाबा ‘मंडळात’, म्हणजे वीज मंडळात, होते. कोळसा शेजारच्या खाणीतून यायचा, पाणी इरईच्या धरणातून, आणि राख सगळीकडून.

बोली निराळ्या, भाज्यांना घालायचे मसाले निराळे, पण एका बाबतीत सगळी घरं सारखी होती. टाकायचं काही नाही.

‘राहू दे, कामी येईल.’

डालड्याचा डबा रिकामा झाला, राहू दे, कामी येईल. बादलीचा कान तुटला, राहू दे. सायकलची टायर फाटली, माठ गळायला लागला, कुलरचा टब गंजला, तेलाच्या पिंपाचं बूड गेलं, छपराचा पत्रा बदलला, सगळं राहू दे. कोकणातल्या काकू करवंट्या ठेवायच्या, मोजून, एकात एक घालून. समोरचे काका बॅटरीचे रिकामे खोके जमवायचे. आमच्याकडं आजोळाहून बैलगाडी आणि ट्रक असा प्रवास करून आलेलं एक दगडी उखळ होतं. त्यात कांडायला धान नव्हतं आणि मुसळ गावीच राहिलं होतं. तरी राहू दे.

आणि ते कामी यायचंही, हे कबूल केलं पाहिजे. डालड्याच्या डब्यात कढीपत्ता लागायचा. टायरचे तळवे कापून चपला व्हायच्या. गळक्या बादलीला बाबा डांबराचा थेंब लावायचे आणि ती पुन्हा दोन वर्षं चालायची. पिंप आडवं कापलं की धुण्याचं टाकं, उभं कापलं की कोंबड्यांचं खुराडं. जुन्या लुगड्याची गोधडी, गोधडीचं पायपुसणं, पायपुसण्याची चिंधी, आणि चिंधी सायकल पुसायला. आमच्या आयांनी जेवढ्या वस्तूंना दुसरा जन्म दिला तेवढ्यांना कारखान्यांनी पहिला दिला नसेल.

अडचण एकच होती. कामी येण्याची पाळी यायच्या आधी मृगाचा पाऊस यायचा. डब्यात पाणी, टायरीत पाणी, करवंटीत पाणी, पत्र्याच्या वाकलेल्या कोपऱ्यात पाणी. आठ-दहा दिवस गेले की ज्या वस्तू आमच्या कामी यायच्या होत्या, त्या मच्छरांच्या कामी येऊन गेलेल्या असायच्या.

उखळ त्यात सगळ्यांत पुढं. खोलगट, काळं, शेवग्याच्या सावलीत ठेवलेलं. मच्छराच्या मादीनं आणखी काय मागावं? आम्ही पोट्टे पालथे पडून त्यात बघत बसायचो. अळ्या डोकं खाली आणि शेपटी वर करून पाण्याच्या पृष्ठभागाला लटकलेल्या असत. शेपटीला बारीक नळी, तिच्यातून त्या हवा घेतात. आपली सावली पडली की सगळ्या वळवळत एकदम तळाला. श्वास रोखून थांबलं की एकेक करून पुन्हा वर. मध्येच स्वल्पविरामासारखे कोषही दिसायचे. ते काही खात नाहीत, नुसते पाण्यात उड्या मारतात, आणि दोनेक दिवसांत त्यांची पाठ उकलून मच्छर बाहेर येतो. तो आधी आपल्याच रिकाम्या कातीवर उभा राहतो, पंख वाळवतो आणि मग उडतो. पुढं शास्त्राच्या पुस्तकात आकृती आली तेव्हा आम्हाला ती पाठ करावी लागली नाही. बाईंनी सांगितलं की अळी पाण्याला समांतर आडवी दिसली तर ती ॲनोफिलीस, म्हणजे मलेरियाची. त्या दिवशी संध्याकाळी कॉलनीभरच्या डबड्यांवर मुलं ओणवी झालेली होती.

आईला आकृतीशी देणंघेणं नव्हतं. तिचा शब्द एकच, ‘उपडं घाला.’ रविवारी सकाळी, रंगोली संपलं की तिची हाक यायची. बादली उपडी घाला, टोपलं उपडं घाला, कुंडीखालची ताटली उपडी घाला. टायर उपडी घालून उपयोग नसतो, ती कशीही ठेवली तरी पोटात पाणी धरतेच. म्हणून तिच्यात माती भरून झेंडू लावला. उखळ उपडं करायला दोन माणसं लागायची, म्हणून बाबा घरी असतील तरच ते व्हायचं. गंमत अशी की आई रविवारी जे उपडं घाली ते बाबा सोमवारपर्यंत सुलटं करत, कारण त्यांना त्यात काहीतरी ठेवायचं असे.

कुंपणाच्या बांबूंची गोष्ट मात्र आम्हाला उशिरा कळली. चंद्रपूरकडं बांबूला तोटा नाही, त्यामुळं प्रत्येक वाडीला बांबूचं कुंपण. बांबू पेऱ्याच्या वर कापला की त्याचा एक पेला तयार होतो आणि पावसात प्रत्येक पेला भरतो. सगळी वाडी उपडी घातली तरी मच्छर कमी होईनात तेव्हा एका म्हाताऱ्या मुकादमानं येऊन बांबूच्या तोंडात काडी घालून दाखवली. मग आम्ही घमेलं घेऊन बसलो आणि एकेका बांबूत राख ठासून भरली. ऊर्जानगरात राखेला काय कमी! वाळत घातलेल्या कपड्यांवर, लोणच्याच्या बरणीच्या फडक्यावर, कुलरच्या गवतावर ती रोजच यायची. तिचा आम्हाला झालेला उपकार म्हटला तर हा एवढाच.

मोरीचं पाणी हा दुसरा अध्याय. ते वाया जाऊ द्यायचं नाही, हा कायदा. त्यामुळं मोरीच्या तोंडाशी केळ, केळीखाली धोप्याची पानं, आणि धोप्याच्या पानांखाली कायम ओल. धोप्याच्या वड्या उत्तम होत, मच्छरही उत्तम होत. घाण पाण्यातले हे क्युलेक्स. आमच्या भागात हत्तीपाय जुना, आणि तो यांच्याच चाव्यातून. आजीच्या गावात सुजलेल्या पायाची दोन-चार म्हातारी माणसं प्रत्येक आळीत दिसत, त्यामुळं या मच्छराचं भय आईला पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. शेवटी बाबांनी कंबरभर खड्डा खणला, तळाला दगड, त्यावर विटांचे तुकडे, त्यावर रेती, असा शोषखड्डा केला. विटांचे तुकडे अर्थात सांदवाडीतच होते. राहू दे म्हणून ठेवलेले. केळ जरा रुसली, पण जगली. मागच्या नालीत महिन्यातून एकदा जळकं ऑईल सोडायचं, तेही दुर्गापूरच्या गॅरेजमधून बाटलीभर मागून आणलेलं. पाण्यावर तवंग पसरला की अळीची नळी हवेपर्यंत पोचत नाही आणि ती गुदमरते. संडासाच्या उंच पाईपाच्या तोंडाला जुन्या मच्छरदाणीचा तुकडा बांधलेला असायचा. नव्या माणसाला ते विचित्र दिसे. पण त्या पाईपातून संध्याकाळी मच्छरांचा धूर निघतो, हे एकदा पाहिलं की तोही आपल्या पाईपाला टोपडं घाली.

पाण्याच्या टाक्यात गप्पी मासे सोडायचे. हिवतापवाल्यांच्या हौदातून ते काचेच्या बरणीत आणताना रस्ताभर एक पोट्टा बरणी धरायचा आणि चौघं त्याला धरायचे. बोटाच्या पेराएवढा मासा, पण दिवसाकाठी किती अळ्या मटकावील! घरोघरी त्यांना नावं होती, बहुतेक क्रिकेटवाल्यांची. कपिल देव मेला तेव्हा आमच्याकडं कुणी नीट जेवलं नाही.

दिवेलागणीच्या आधी दारं-खिडक्या लागायच्या. त्या वेळी मागं जायचं नाही, हा नियम सगळ्यांना होता. त्याचं अर्धं कारण मच्छर आणि अर्धं कारण बिबट्या. ताडोबाचं जंगल हाकेच्या अंतरावर, त्यामुळं भीती खोटी नव्हती. पण बिबट्या क्वचित येई, हे तर रोज येत. मग घमेल्यात गोवरीचा विस्तव, त्यावर कडुलिंबाचा ओला पाला, संत्र्याची वाळलेली सालं, लसणाची टरफलं, सणाच्या दिवशी चिमूटभर ऊद. धूर असा व्हायचा की मच्छर बाहेर, आम्हीही बाहेर. डोळे पुसत ओट्यावर बसायचं. आत परत जायची घाई मच्छरांना जास्त असायची. आजी आली की करंजीचं तेल पायांना चोळायची. त्याच्या वासानं मच्छर लांब राहत असावेत, कारण वर्गात दुसऱ्या दिवशी माणसंही राहत.

आणि मच्छरदाणी! सुती, जाड, तांबड्या काठाची, लग्नाच्या रुखवतात आलेली. चार कोपऱ्यांना चार नाड्या, आणि चारही वेगळ्या. एक लेंग्याची, एक बुटाची, एक परकराची, एक सुतळी. क्वार्टरच्या सिमेंटच्या भिंतीत खिळा सरळ जात नसे, त्यामुळं एक कोपरा दाराच्या कडीला, एक खिडकीच्या गजाला, एक कपाटाच्या मुठीला. रात्री कुणाला कपाट उघडायचं झालं की अर्धी मच्छरदाणी अंगावर. भोकं पडली की ठिगळ. आईच्या हिरव्या पातळाचं एक, बाबांच्या मलमली धोतराचं एक, बहिणीच्या ओढणीचं एक. शेवटी मूळ जाळी कुठली आणि ठिगळ कुठलं, ते तिलाच माहीत. आत शिरायची रीत ठरलेली होती. आधी कडा झटकायची, मग एका बाजूनं सरपटत आत, लगेच कडा गादीखाली दाबायची, मग आई बॅटरी घेऊन चारही कोपरे तपासायची. एवढं करून दिवा मालवला की कानाशी बारीक आवाज. ‘एक आत राहिला.’ मग पुन्हा दिवा, पुन्हा सगळे उठून टाळ्या. भिंतीवर रक्ताचा ठिपका पडला की त्यावर रीतसर चर्चा, हे रक्त कोणाचं.

पंखा मात्र आमच्याकडं भरपूर चालायचा. मच्छर उडायला दुबळा, पंख्याच्या वाऱ्यात त्याला धड बसता येत नाही. उन्हाळ्यात गावाकडची भावंडं यायची, त्यांच्याकडं वीज आली तर आली. ती पंख्याखाली हातपाय पसरून झोपायची आणि सकाळी म्हणायची, ‘तुमच्या इथं मच्छर नाहीत का जी?’ होते की. पण ही वीज आमच्या बाबांनी पाळीत उभं राहून केलेली आहे, असं आम्ही सांगायचो. त्यांचा बराच काळ विश्वास होता.

गावात तऱ्हा निराळी होती. तिथं फवारणीवाले यायचे, पाठीवर नाही तर हातात पंप, आणि डीडीटीचा तो वास. 1953 साली देशात मलेरिया नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला, 1958 ला नियंत्रण सोडून निर्मूलनाची भाषा आली, आणि खरंच, पूर्वी वर्षाला कोट्यवधी रुग्ण असत ते 1961 पर्यंत पन्नास हजारांच्या आसपास आले. आजोबांना वाटलं होतं, नातवंडांना हिवताप ऐकूनच माहीत असेल. पण 1976 ला आकडा पुन्हा 64 लाखांवर गेला. मच्छर डीडीटीला सरावले, कामात ढिलाई आली, कारणं पुष्कळ. त्यातलं एक कारण आमच्या आजीच्या हातात होतं. औषध मारलं की भिंतींवर पांढरे ओघळ दिसायचे आणि दारावर गेरूनं तारीख लिहिलेली असायची. रात्री रक्त पिऊन जड झालेला मच्छर भिंतीवर टेकतो, तेव्हाच ते औषध त्याच्या पायाला लागतं. म्हणून ते भिंतीवर महिनोन्‌महिने राहायला हवं. आजीच्या घरी ते पोळ्यापर्यंत राहायचं. पोळ्याला भिंती सारवायला नकोत? दारावरची तारीख तेवढी शाबूत. तिच्याभोवती तिनं रांगोळीची वेल काढलेली.

ताप आला की मलेरियावाला बोटाला सुई टोचून काचेच्या पट्टीवर रक्त घ्यायचा आणि क्लोरोक्विन द्यायचा. ती कडू गोळी गुळात घालून, केळ्यात घालून, मुलाचं नाक दाबून, सगळ्या प्रकारे दिली जायची आणि सगळ्या प्रकारे बाहेर यायची.

1982 च्या ऑगस्टमध्ये गडचिरोली जिल्हा वेगळा झाला आणि नात्यातल्या कुणाकुणाच्या बदल्या तिकडं होऊ लागल्या. एटापल्ली, भामरागड, धानोरा. बदलीचा कागद आला की घरात पहिली वस्तू बांधली जायची ती मच्छरदाणी. तिथला मलेरिया आमच्यासारखा दिवसाआड थंडी वाजवून जाणारा नव्हता, तो मेंदूत चढायचा. हेमलकशाच्या लोकबिरादरी दवाखान्यात बेशुद्ध पोरं खाटेवर घालून कोसन्‌कोस आणतात, हे तिकडून सुटीवर आलेला मामा सांगे, तेव्हा आमच्या ओट्यावरचं हसणं थांबायचं. पुढं तिकडं मच्छरदाण्या औषधाच्या पाण्यात बुडवून भारून देऊ लागले, मग औषध मुरवलेल्याच जाळ्या मिळू लागल्या. मामानं एक आणली होती. आईनं ती पाहून पहिला प्रश्न विचारला, ‘धुतली तर चालते का?’

बाजारातले उपायही आमच्याकडं आल्यावर आमचेच होऊन जायचे. फ्लिटचा पंप कॉलनीत एकाकडं, वापरायचे सगळे. कासवछाप उदबत्तीची दोन वेटोळी एकमेकांत अडकलेली असत. ती न मोडता सोडवणं हे घरातल्या सर्वांत शांत माणसाचं काम, म्हणजे आजोबांचं. मोडलेले तुकडे टाकायचे नाहीत, ते काडेपेटीत. पुढं निळ्या वड्या आल्या, विजेच्या डबीत तापवायच्या. सकाळपर्यंत वडी पांढरी पडायची. मग त्या पांढऱ्या वडीवर आई निंबोळीच्या तेलाचे दोन थेंब टाकून दुसरी रात्र काढायची, कापूर ठेवून तिसरी. कंपनीनं असा विचार केलेला नसणार.

संध्याकाळी धुराची गाडी आली की कॉलनीतली सगळी मुलं तिच्यामागं पांढऱ्या ढगात. आयांच्या हाका ऐकू यायच्या, आया दिसायच्या नाहीत. आता कळतं की तो धूर उडते मच्छर मारतो, उखळातल्या अळीला त्याचा पत्ताही लागत नाही. पण तेव्हा गाडी आली म्हणजे काहीतरी झालं, असं मोठ्यांनाही वाटायचं. अजूनही वाटतं. वस्तीत डेंग्यू निघाला की लोक पहिल्यांदा धुराची गाडी मागतात, आणि ती ज्या अंगणातून फिरते तिथलं पिंप तसंच भरलेलं असतं.

डेंग्यू नंतर आला, आणि त्यानं आमची सगळी शिस्त उलटी केली. आम्ही दिवेलागणीला दारं लावत होतो, याचा पट्टेरी मच्छर दिवसा चावतो. आम्ही घाण पाण्याशी लढत होतो, हा स्वच्छ पाण्यात होतो. आणि चंद्रपूरच्या घरात स्वच्छ पाणी कुठं? कुलरमध्ये! पंचेचाळीसच्या वर पारा जाणाऱ्या गावात कुलर ही चैन नाही. मार्चमध्ये नवं गवत भरून तो खिडकीला लागतो आणि पाऊस लागला की कुणीतरी म्हणतं, ‘काढू उद्या.’ तो उद्या पोळ्यानंतर येतो. तोवर टबात चार बोटं पाणी. बरं, नुसतं पाणी फेकून भागत नाही. या पट्टेरी मच्छराची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, टबाच्या भिंतीला चिकटलेली असतात. टब वाळवून माळ्यावर टाकला तरी ती महिनोन्‌महिने जिवंत राहतात आणि पुढच्या मार्चात पाणी पडलं की फुटतात. म्हणून टब घासायचा, नारळाच्या शेंडीनं, कोपऱ्यांसकट. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, असं आरोग्यखातं सांगू लागलं. आईनं ते ऐकून आमच्याकडं पाहिलं. ती रविवारी वेगळं काय सांगत होती?

शिवाय हा मच्छर फार लांब जात नाही, शंभर-दोनशे मीटर फिरला तरी पुष्कळ. म्हणजे चावलेला मच्छर एक तर आपला, नाही तर शेजारच्या काकूंचा. हे कळल्यावर कॉलनीतल्या भांडणांना शास्त्रीय आधार मिळाला.

‘तुमच्या टायरीतले आमच्याकडं येतात जी.’

‘आमच्या टायरीत झेंडू आहे. तुमच्या करवंट्या बघा.’

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र सगळे एक. पहाटे मुलं मारबत घेऊन निघायची आणि माशा, मोंगसे (म्हणजे मच्छरच), ढेकूण, खोकला, सगळं तिला बरोबर न्यायला सांगायची, घसा फुटेस्तोवर ओरडून. कोकणातल्या काकूंना हे पहिल्या वर्षी कळलं नाही. दुसऱ्या वर्षी त्यांनी आपल्या वाटणीचे मोंगसे कटाक्षानं द्यायला मुलाला पुढं पाठवलं.

बाबा निवृत्त झाले तेव्हा क्वार्टर खाली करताना पंखे, नळ, दिवे मोजून द्यायचे होते आणि वाडी मोकळी करून द्यायची होती. पंखे-नळ अर्ध्या तासात झाले. वाडीला आठवडा लागला. पिंप भंगारवाल्यानं नेलं, पत्रा दूधवाल्यानं गोठ्यासाठी मागितला, गप्पी मासे शेजारच्या टाक्यात गेले, मोडके बांबू चुलीत. मच्छरदाणी आईनं स्वतः घडी घालून ट्रंकेत तळाशी ठेवली. तुकूमच्या नव्या फ्लॅटच्या खिडक्यांना जाळ्या आहेत, हे तिला तीनदा सांगून झालं होतं. टेम्पो भरत असतानाच नवे राहणारे आले, तरुण नवरा-बायको, सामान म्हणजे चार खोकी. बायको मागं वाडीत जाऊन आली आणि जरा संकोचत म्हणाली, ‘काका, त्या दोन टायरी नेणार नसाल तर राहू द्या ना.’

‘राहू देतो,’ बाबा म्हणाले, ‘पण त्यातली माती काढू नका हं. आणि कुंपणाला दोन बांबू नवे लागलेत, त्यांत राख भरायची राहिलीय.’